उणं आलं की तोंड फिरवायचं

परवा शेजारी बागवानांच्या अंगणात चिंचेची पोती उलटी झाली आणि इकडं स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता माझे दात आंबले. चिंच तोंडात पडली नव्हती, नुसता वास आला होता. चिंचेच्या वासानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं म्हणे. सुटत असेल. मला गणित आठवतं. आणि ते बेरीज-वजाबाकीचं घरगुती गणित नव्हे. ते लहान-मोठ्याच्या चिन्हाचं, उण्या आकड्यांचं. ते आठवलं की तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळत नाही, इतकी शिसारी येते.

आता चिंचेचा आणि गणिताचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आमच्या अणदुरात तो आहे. इथं वर्षाचं तंत्र खंडोबावर चालतं. देव सव्वादहा महिने आमच्याकडं आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. पौषात तो परत आला की थंडी ढिली पडते, ज्वारीची कणसं हातात घेतली तर चुरचुरतात, आणि वारा आला की झाडावर चिंचा खुळखुळ वाजतात. त्याच्या पुढच्या दिवसांना आमच्या लहानपणी काही नाव नव्हतं. आता परीक्षा म्हणतात.

या दिवसांचं मला कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. पोरं पेनांची टोपणं चावून चावून चपटी करतात. घराघरातून तीच तीच उत्तरं मोठ्यानं घोकलेली ऐकू येतात, उलटी झाल्यासारखी. झेरॉक्सच्या दुकानात पुस्तकाची पानं बारीक करून देतात, चुन्याच्या डबीत मावतील एवढी, आणि आईबाप उभे राहून ती आणखी बारीक करून मागतात. मी एकदा तिथं रेशनकार्डाची नक्कल काढायला गेले होते, ते बघितलं आणि तशीच परत आले. नक्कल दुसऱ्या दिवशी काढली.

आणि चिंच. जिनं कधी फोडली नाही तिला ती गंमत वाटते. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, लोखंडी दांडक्यानं टोला देऊन चिंचोका बाहेर उडवायचा. पहिला तासभर बरं वाटतं. मग तो काळा चिकट राप बोटांवर चढतो, नखांच्या आत जातो, कुठं चीर असेल तिथं मिठासारखा झोंबतो. हात कितीही धुवा, रात्री भाकरी मोडली की भाकरी आंबट. तापलेल्या ताडपत्रीवर माश्या बसतात, त्या हाताला चिकटतात, चिंचेतून उठत नाहीत. चार वर्षांमागं मी रोज दुपारी बागवानांच्या अंगणात जाऊन बसायचे. कामाची म्हणून नव्हे, घरी करमत नाही म्हणून. आमच्या दोन्ही मुली सासरी गेलेल्या, आणि आमचे हे दुपारी जे झोपतात ते चहाच्या वासानं उठतात.

रफिकभाई बागवान चिंचेची झाडं गुत्त्यानं घेतात, म्हणजे मोहोर असतानाच झाडाचं बोलणं करून टाकतात आणि पुढं येईल ते त्यांचं. झाडावर स्वतः चढतात. अंगणातला फोडण्याचा कारभार त्यांच्या बायकोचा, जुबेदाभाभीचा. आणि त्यांची थोरली लेक नसीम, त्या साली अकरावी सायन्सला होती. मला माई म्हणते. अंगणात सगळ्यात हळू तीच फोडायची, कारण टोपल्याला पुस्तक टेकवलेलं असायचं.

तिला काय व्हायचं होतं ते सांगितलं पाहिजे. सोलापूर-हैदराबाद रस्ता रुंद करत होते तेव्हा मोजणीला एक मुलगी यायची, डोक्यावर पिवळं टोप, पुढं तीन पायांची तिपाई आणि तिच्यावर दुर्बीण. नसीम तेव्हा लहान होती. तिनं त्या मुलीला घरातून पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि त्या मुलीनं तिला दुर्बिणीला डोळा लावू दिला. झालं. तेव्हापासून नसीमला ती तिपाई पाहिजे होती. आणि तिपाईला गणित लागतं. बारावीला गणित ठेवणार का सोडणार, हे वार्षिक परीक्षेच्या आधी वर्गात सांगायचं होतं. सोडलं की तिपाई सुटली. एवढी सरळ गोष्ट होती.

ती सरळ गोष्ट वाकडी झाली ती एका चिन्हावरून.

तिचं पुस्तक इंग्रजीत, सर शिकवायचे मराठीत, घरात दखनी. तीन घरं ओलांडून तो धडा तिच्यापर्यंत यायचा. धड्याचं नाव असमानता. नाव ऐकून मला वाटलं, बरं आहे, शाळेत आता हेही शिकवतात. कसलं काय. त्यात एक चिन्ह होतं, चिमणीनं चोच उघडल्यासारखं. सरांनी सांगितलं, चिन्हाचं तोंड मोठ्याकडं. मला तिथंच पहिली किळस आली. म्हटलं, हेही मोठ्याचंच तोंड बघतंय होय. मग सरांचा दुसरा नियम. मायनसनं गुणलं किंवा भागलं की तोंड फिरवायचं. का फिरवायचं, ते सांगितलं नाही. एका पोरानं विचारलं, तर म्हणाले, तुला मार्क पाहिजेत का कारण पाहिजे. वर्ग हसला आणि पोरगं खाली बसलं.

नसीम हे मला सांगत होती आणि मी चिंचोका उडवायचा सोडून तिच्याकडं बघत बसले. उणं आलं की तोंड फिरवायचं. हा नियम मला कुठल्याही सरांनी शिकवला नव्हता, तरी पाठ होता. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी माझ्यासमोरच माझ्या वडिलांना सांगितलं होतं, पोरगी कामाला चांगली, रंगानं जरा उणी. आणि म्हणणाऱ्या बाईनं तोंड फिरवून पोह्यांकडं बघितलं होतं. पोहे मी केले होते. आमच्याकडं एखाद्याच्या चुका काढायच्या तर त्याला उणीदुणी काढणं म्हणतात, आणि त्यात आम्ही सगळेच पारंगत. आता तेच गणिताच्या पुस्तकात. म्हटलं, निदान आकड्यांना तरी सोडायचं होतं.

पण खरा घोळ पुढंच झाला. सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, उणे पाचशे आणि उणे तीनशे, आणि मोठा कुठला म्हणून नसीमला उभं केलं. ती म्हणाली, उणे पाचशे. सर म्हणाले, कसं काय. ही म्हणाली, सर, पाचशे फुटाचं बोअर तीनशे फुटाच्या बोअरपेक्षा मोठंच असतंय की.

वर्ग असा हसला म्हणे की शेजारच्या वर्गातले बघायला आले. सरही हसले. बसा, बोअरवाल्या मॅडम, म्हणाले. त्या दिवसापासून तिचं नाव बोअरवाली. पोरं पाण्याची बाटली घेऊन तिच्यापुढं यायची आणि विचारायची, किती फुटाला लागलं.

तिचं चुकलं होतं, हे मी कबूल करते. पण ती चूक पुस्तकातून आली नव्हती, भिंतीपलीकडून आली होती. त्याच महिन्यात आमच्या आणि बागवानांच्या मागच्या भिंतीपलीकडं दत्तूआबांनी बोअर पाडलं. तमिळनाडूच्या नंबरची ती भली मोठी गाडी दोन दिवस घरघरत होती. त्या भोकातून राखुंडीच्या रंगाचा गाळ उसळून भिंतीवरून इकडं यायचा. माझ्या तुळशीवर गाळ, दोरीवरच्या लुगड्यावर गाळ, बागवानांच्या चिंचेवर गाळ. वाळला की त्याचा पापुद्रा धरायचा आणि भाकरी खाताना दाताखाली कचकच व्हायची. आणि आबा? ते खुर्ची टाकून बसलेले, येईल त्याला सांगायचे, पाटलाचं पाचशे, माझं सातशे. पाणी लागलं का म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, सातशे फूट म्हणजे खायचं काम आहे का. आमच्या भागात बोअर पाण्यासाठी पाडतात, आणि पाणी लागलं नाही तर फुटांसाठी. ज्या पोरीनं लहानपणापासून हेच ऐकलं, तिला खाली खाली जाणारा आकडा लहान होत जातो हे कसं पटायचं?

पण वर्गाला हे कोण सांगणार. नसीमचा जीव त्या विषयावरून उडाला. पुस्तक टोपल्यापाशी यायचं बंद झालं. चिंच भराभरा फुटायला लागली, आणि मला तेच आवडेना.

"गणित बघितलं की मळमळतंय, माई," ती म्हणाली. "मी सोडणार."

जुबेदाभाभीनं दांडकं खाली न ठेवता सांगितलं, "होता नै तो नक्को कर." त्यात राग नव्हता, मायाच होती. पोरगी जेवत नव्हती, तेवढंच आईला दिसत होतं.

मग मी पुस्तक मागून घेतलं. मी चौथीपर्यंत शाळा बघितली. पुढचं जे काही आलं ते माझ्या मुलींच्या मागं बसून, त्यांच्या पुस्तकातून. इंग्रजी अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. पण आकडे कुणाच्या बापाचे नसतात, ते लागतात. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं आणि मिटलं. ते उणे, त्याच्या पोटात दुसरं उणे, बाजूला ती चोच. अंगावर झुरळ चढल्यासारखं झालं. आमचे हे चहाला उठले, माझ्या मांडीवर पुस्तक बघून म्हणाले, काय हो, शाळेत नाव कधी घालायचं? मी म्हटलं, तुमचा चहा उणे साखर मिळेल आज. त्यांनी स्वतःच साखरेचा डबा काढून दिला.

दुसऱ्या दिवशी नसीमला म्हटलं, मला हे एक समजावून दे, मग खुशाल सोड. ती नाखुशीनंच बसली. गणित असं होतं: उणे दोन एक्स हे सहापेक्षा लहान. एक्स किती? तिनं दोन्ही बाजू उणे दोननं भागल्या आणि चोच होती तशीच ठेवली. उत्तर, एक्स हा उणे तीनपेक्षा लहान. मला तर बरोबरच वाटलं. मी म्हटलं, मग उणे तीनपेक्षा लहान एखादा आकडा घालून बघ, जेवणात मीठ बघतो तसं. ती म्हणाली, उणे चार. उणे दोन गुणिले उणे चार, आठ.

तिनं पुन्हा मोजलं. आठ काही सहापेक्षा लहान नव्हता.

मग तिनं उणे दोन घालून बघितला. चार आले. चार सहापेक्षा लहान. म्हणजे उत्तर दुसऱ्या बाजूला होतं. सरांचं खरं होतं, चोच फिरवायलाच पाहिजे होती. नसीमनं पुस्तक ताडपत्रीवर टाकलं, चिंचेच्या चिकट्यात. म्हणाली, खरं असलं म्हणून काय झालं, मला त्याची किळस येते. फिरवायचं म्हणून फिरवायचं, हे मला जमत नाही. मलाही जमलं नव्हतं कधी. जमवून घेतलं होतं, ती गोष्ट वेगळी.

पान पुसायला गेले तर चिंचेचा डाग आणखी पसरला. तो अजून आहे म्हणते नसीम.

त्यानंतर चार-दोन दिवसांनी आमच्या मळ्यातल्या चिंचेला रफिकभाईंनी हात घातला. ते झाड विहिरीवर ओणवलेलं आहे. फाल्गुनात पाणी खाली गेलेलं असतं, पण असतं, आणि दुपारी वारा पडला की अगदी निवांत. रफिकभाई शेंड्यावर उभे राहून फांद्या हलवत होते. चिंचा पालापाचोळ्यात पटापट पडत होत्या, काही विहिरीत. मी आणि नसीम वेचत होतो. विहिरीत पडलेल्या वर तरंगतात का बघायला नसीम काठावर वाकली आणि तशीच राहिली. मी दोनदा हाक मारली. मला वाटलं, पोरीचं काय बिनसलं. जवळ जाऊन तिचा दंड धरला.

"माई, खाली बघा," ती म्हणाली. "अब्बा."

पाण्यात झाड उलटं उभं होतं. बुंधा वर, पाण्याच्या तोंडाशी. त्याच्याखाली मोठ्या फांद्या, त्यांच्याखाली बारक्या. आणि सगळ्यात तळाला, आभाळाच्याही पोटात, रफिकभाई पाय फाकवून उभे.

ती म्हणाली, इथं जो सगळ्यात वर, तो तिथं सगळ्यात खाली. मधल्या फांदीवरची चिंच इथं अब्बांच्या खाली, तिथं अब्बांच्या वर. मी म्हटलं, ते तर लहानपणापासून बघतोय आपण. ती म्हणाली, बघतोय, पण मी आज बघितलं. जमिनीवरचा पाच तीनपेक्षा मोठा. उणं लागलं की दोघं पाण्यात. आता पाच तीनच्या खाली. मग तिनं काडी घेऊन मातीत चोच काढली, तिच्याखाली दुसरी, उलटी.

"तोंड कुणी फिरवत न्हाय, माई. ते आपलं आपण फिरतंय."

आणि मग हसू दाबत म्हणाली की बोअरचंही तेच. आबा खाली तोंड करून मोजतात म्हणून त्यांचं सातशे मोठं. सर वर तोंड करून मोजायला सांगत होते. "मी आबांसारखं मोजलं. तेवढंच चुकलं."

रफिकभाई वरून ओरडले, वेचताय का गप्पा मारताय. आम्ही वेचायला लागलो. चिंचांना लाल मुंग्या लागल्या होत्या, त्या बाह्यांत शिरल्या, दोघींच्या हातावर गांधी उठल्या. एवढं सुंदर काही बघितल्यावर मुंग्यांनी तरी दम धरायचा होता, असं मला वाटलं, पण हे दिवसच तसे. यांच्यात काही निर्भेळ मिळतच नाही.

त्यामुळं मला गणित आवडायला लागलं, असं मी लिहिलं तर खोटं होईल. मला ते चिन्ह अजून ओंगळच वाटतं. फक्त एक झालं. पुढच्या पौषात देव परत यायच्या वेळी बायका बोलत होत्या, पावणेदोन महिने संपले, आणि मी मनात म्हटलं, पावणेदोन, म्हणजे दोनाला पाव उणा. सव्वादहा, म्हणजे दहाला पाव जास्त. हा उणा पाव आणि तो जास्तीचा पाव मिळून बारा महिने भरतात. देवाच्या हिशोबातही उणं आहे आणि त्याच्याकडं बघून कुणी तोंड फिरवत नाही. दोन्ही गावं नारळ फोडतात.

पण त्याच्या आधी, त्याच फाल्गुनात, गणित ठेवणार का सोडणार, ते सांगायचा दिवस आला. मी त्या दिवशी अंगणातच बसून होते. चिंच फोडत होते आणि चिंचोक्याऐवजी बोटावर टोले घेत होते. जुबेदाभाभी म्हणाली, माई, तुम्ही घरी जा, नाहीतर बोटं फुटतील. पण स्वतः तीही फाटकाकडंच बघत होती.

नसीम आली, दप्तर टाकलं, घटाघटा पाणी प्याली. मग सांगितलं. सरांनी गणित सोडणाऱ्यांना उठून खिडकीच्या बाजूला उभं राहायला सांगितलं होतं. मुली एकेक करून उठल्या. सगळ्या उठल्या. तिच्या बाकावरची तिची मैत्रीण उठली, तिनं हिची ओढणी ओढली. मागून एका पोरानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, बोअरवाली, ऊठ की, तुझं पाणी तिकडं लागलंय.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय न्हाय. बसले. मागं वळून त्याच्या तोंडाकडं बघत बसले."

"आणि तो?"

"त्यानंच फिरवलं मग."

जुबेदाभाभीनं दांडकं खाली ठेवलं. नसीमला जवळ ओढून तिच्या कपाळावर आपला चिकट हात फिरवला, आणि कपाळ काळं झालं. नसीमनं ते पुसलं नाही. माश्या आल्या तेव्हा पुसलं.

वार्षिक परीक्षेत ती गणितात पास झाली, फार गुणांनी नव्हे. बारावीला जरा बऱ्या गुणांनी. आता सोलापूरला इंजिनिअरिंगला आहे, सिव्हिलला. तिपाईला हात लागला. पण दुर्बिणीतून म्हणे सगळा वेळ दुसऱ्या कुणीतरी धरलेली पट्टीच बघायची असते, आणि तिच्या वर्गातली मुलं पट्टी धरायला तिलाच पाठवतात. तेवढ्यावरून मागच्या महिन्यात भांडून आली. बरं केलंस, म्हटलं.

परवाच्या चिंचेच्या वासाबरोबर तीही आली, दोन दिवसांच्या सुट्टीवर. मी भाकऱ्या उरकल्या, पदराला हात पुसले आणि जाऊन तिच्या शेजारी बसले. हात काळे व्हायला वेळ लागला नाही. क्लासवाल्यांची पोरं रस्त्यानं जात होती, तोंडानं काहीतरी घोकत. तेच सर अजून आहेत, आणि तोच नियम.

एवढ्यात दत्तूआबा भिंतीपाशी आले. त्यांचं सातशेचं बोअर कोरडंच निघालं होतं, त्याच्यावर त्यांनी फुटकी पाटी झाकून ठेवली होती. यंदा त्यांनी शेताच्या कडेला दुसरं पाडलं. भिंतीवर कोपर टेकून उभे राहिले, नसीमला म्हणाले, इंजिनेर बाई आल्या वाटतं. मग न विचारताच सांगितलं, यंदा नऊशेपर्यंत गेलो, अख्ख्या पंचक्रोशीत एवढं मोठं कुणाचं नाही.

मी विचारलं, पाणी?

आबा म्हणाले, पाण्याचं काय घेऊन बसलात, नऊशे फूट म्हणतोय मी.

नसीमनं हातातल्या चिंचेचं एक बोटूक मोडून माझ्या तळहातावर ठेवलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं आणि माझ्याकडं झुकून अगदी हळू म्हणाली, "उणे नऊशे."

मीही चिंच तोंडात टाकली. आणि आम्ही दोघींनी एकदमच तोंड वाकडं करून दुसरीकडं फिरवलं.

आबांना वाटलं, चिंच लई आंबट आहे.